दोन केळ्यांचं दुःख

वसईतल्या सांडोरच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशी सामानाची खोकीसुद्धा सोडली नव्हती. तोच दारात एक गृहस्थ उभे. हाफ पँट, बनियन, खांद्यावर केळ्यांचा घड आणि तोंडभर हसू. ना नाव सांगितलं, ना गाव. सरळ विचारलं, "दुःख काय आहे तुमच्याकडे?"

मला वाटलं, विमावाले असणार. मी तुटकपणे म्हटलं, "आमच्याकडे सगळं आहे."

"सगळं नको. एकच द्या, पण चांगलं द्या. गाण्याला लागतं. आमच्या घरात नाय ओ दुःख. शोधून शोधून दमलो."

हे इनासकाका. आमच्या गॅलरीखालच्या केळीच्या वाडीचे मालक आणि, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, वसई ते विरार एवढ्या मुलखातले एकमेव ब्लूज गिटारवाले. दावा खोडून काढायला दुसरा कुणी नव्हताच, म्हणून आम्हीही मान्य करून टाकला. तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. बोटीवर नोकरी करणाऱ्या चुलतभावाने कुठल्याशा बंदरावरून एक कॅसेट आणून दिली. तिच्यात ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांची दुःखाची गाणी होती. काकांना शब्द एक कळला नाही, पण रडणं बरोबर कळलं.

"ब्लूज म्हंजे एकदम सोपं," ते मला समजावायचे. "एक ओळ म्हणायची. तीच परत म्हणायची. मग थांबायचं. तिसरी ओळ उत्तराची."

हे उत्तर यायचं स्वयंपाकघरातून. संध्याकाळी दिवेलागणीला काका वाडीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर गिटार घेऊन बसत आणि कुणाचं तरी दुःख दोनदा आळवून थांबत. की आतून त्यांच्या बायकोचा, कतरीनमावशीचा आवाज: "ते रडगाणं ठेवा आणि आधी खोबरं खवून द्या!" काका खूश होऊन तारेवर असा काही हात मारायचे, की वाडीतले बगळे उडायचे. आणि काय सांगू, मावशीचं ओरडणं नेमकं तालात पडायचं!

दुःख फुकट घ्यायचं नाही, हा काकांचा बाणा. मोबदला केळ्यांत. बारक्या दुःखाला दोन केळी, बऱ्यापैकी दुःखाला अख्खी फणी आणि अव्वल दर्जाच्या दुःखाला सुकेळी, म्हणजे त्यांनी स्वतः उन्हात वाळवलेली राजेळी केळी. मला ऑफिसात बढती नाकारली, तेव्हा मी मोठ्या आशेने गेलो. काकांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर दोन केळी ठेवली.

"एवढंच?" मी म्हटलं.

"अहो, घरी लवकर येता की! हे कसलं दुःख?"

माझ्या बायकोने मात्र माझ्या आईबद्दल काहीतरी सांगितलं आणि पुडाभर सुकेळी घेऊन आली. काय सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्याचं गाणं झालं, त्या संध्याकाळी नेमका मी गावाला गेलो होतो.

बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी केळी खाल्ली होती. आणि तिथेच घोळ झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटलांनी एका फणीच्या मोहात आपल्या टकलाचं दुःख विकलं. दुसऱ्या दिवसापासून "केस गेले ओ पाटलांचे, परत नाय यायचे" हे गाणं गल्लीभर झालं. रिक्षावाले गुणगुणायला लागले. त्यावर मावशीचं उत्तर, "त्यांचे गेले, तुमचे आहेत ते कापून या आधी!" पाटील इतके भडकले, की सोसायटीची खास मीटिंग लागली. दुःखं विकून बसलेले सगळे एका सुरात म्हणाले, संध्याकाळची गिटार बंद झालीच पाहिजे. आणि सांगायला कोण जाणार? सेक्रेटरी. म्हणजे मी. आमच्याकडे सेक्रेटरी म्हणजे फुकटचा हमाल.

मी गेलो तेव्हा मावशी बाजारात गेली होती. काका ओट्यावर एकटेच तारा पुसत बसले होते. मी घसा खाकरून ठराव सांगितला. वाटलं, हसण्यावारी नेतील. ते हसले नाहीत. गिटार बाजूला ठेवली.

"बंद करीन मी," ते म्हणाले. "पण मग ती बोलायची नाय."

"कोण?"

"कतरीन."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगी होती, सिल्वी. शाळेत जाणारी पोर तापाने गेली. त्या दिवसापासून मावशीचं बोलणं बंद. स्वयंपाक करायची, वाढायची, वाडीत पाणी सोडायची, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायची, पण तोंडातून शब्द नाही. फादर येऊन समजावून गेले. बहीण येऊन राहून गेली. काकांनी हातापाया पडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"एक दिवस संध्याकाळी जेवताना डाळ करपलेली लागली. मी काय करू, कुणाशी बोलू? इथे येऊन गिटार घेतली आणि म्हटलं, 'डाळ करपली बाबा, डाळ करपली.' परत म्हटलं. आणि आतून आवाज आला, 'करपली तर खाऊ नका!'" काकांनी डोळे पुसले. "पळत आत गेलो आणि सगळी डाळ खाल्ली. टोप चाटून पुसून."

मी म्हटलं, "काका, तुम्ही तर म्हणायचात, घरात दुःख नाही."

"आहे ना. पण ते गाण्यात घालून कसं चालेल? त्याला ती उत्तर द्यायची नाय. म्हणून दुसऱ्यांची मागून आणतो."

वर येऊन मी मीटिंगला ठोकून दिलं, "काका म्हणतात, बंद करतो, पण शेवटचं गाणं सोसायटीच्या मीटिंगवर करणार. कोण काय बोललं ते नावासकट." ठराव जागच्या जागी मागे घेतला गेला. पाटील तर सर्वांत आधी म्हणाले की कलेला उत्तेजन दिलं पाहिजे. खरं कारण मी फक्त बायकोला सांगितलं.

यंदा नाताळच्या आधी इनासकाका गेले. झोपेतच गेले. अंत्यविधीला सगळी बिल्डिंग होती. पाटील तर ओक्साबोक्शी रडले.

नंतर मात्र वाडी शांत झाली. दिवेलागणीला मावशीच्या स्वयंपाकघरात दिवा लागायचा, भांडी वाजायची, पण आवाज नाही. बायको डबा घेऊन खाली जायची. मावशी डबा घ्यायची, धुऊन परत द्यायची, मान हलवायची. बस. बायको वर येऊन म्हणायची, "अहो, पुन्हा तसंच झालं हो."

एका संध्याकाळी आमच्याकडे दूध नासलं. बायको पातेलं हातात घेऊन क्षणभर उभी राहिली आणि तशीच गॅलरीत गेली. माझ्या बायकोला गाता येत नाही. आरतीलासुद्धा आम्ही तिला टाळ्यांवर ठेवतो. तिने कठड्याला टेकून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा भसाडा सूर लावला:

"दूध नासलं हो, आमचं दूध नासलं!"

खालून काही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तीच ओळ परत म्हटली. मग थांबली.

पाटील त्यांच्या गॅलरीत आले. पहिल्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला. खाली नळाचं पाणी वाजत होतं, ते थांबलं. बायकोने कठडा घट्ट धरला होता.

"नासलं तर साखर घालून आटव! रडतेस कसली!"

आवाज जरा घोगरा होता. पण तालात होता. बायको मटकन खाली बसली आणि पातेलं मांडीवर घेऊन रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर कडीला पिशवी अडकवलेली. मी उघडून पाहिली. आत दोन केळी होती.