बडनेऱ्याच्या इंजिनाचा जीर्णोद्धार

कोणतीही वस्तू जतन करायची तर ती आधी चालायची थांबली पाहिजे, हे संस्कृतीचं मूलतत्त्व आहे. चालती वस्तू लोक नुसती वापरतात. बंद पडली की तिचा अभिमान बाळगतात. १९५८ साली बडनेऱ्याचं एक इंजिन या तत्त्वाच्या आड आलं. ते चालत होतं.

इंजिन एका जिनिंग कारखान्याचं. कापसाच्या गाठींचे डबे कारखान्यातून स्टेशनापर्यंत ओढायचे, एवढाच त्याचा संसार. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने कळवलं की गावाने संग्रहालय काढलं तर इंजिन भेट. मात्र एक जूनला आमचा माणूस पाहायला येईल, तेव्हा ते सबंध दिसलं पाहिजे, नाहीतर भंगारात. हे ऐकून देवीदास ड्रायव्हरला दोन दिवस भाकर गोड लागली नाही. एकतीस वर्षं त्याने ते हाकलं होतं. बायको भागीरथा शेजारणीला म्हणाली, "माह्या आजारपनात एवढा जीव खालीवर नाई झाला याचा." देवीदासने ते नाकारलंही नाही.

शेजारच्या अमरावतीत तेव्हा श्रमदानाची लाट होती. (एकाच रस्त्यावर तीनदा श्रमदान झालं होतं. तिसऱ्यांदा आधीची दोन उकरून काढावी लागली.) कमलाकांतराव वकिलांनी तातडीने वाफयंत्र जीर्णोद्धार मंडळ स्थापन केलं आणि मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी १४३ स्वयंसेवक बडनेऱ्याला जमले. अहवालातली त्यांची वर्गवारी अशी: शिक्षक ४१, माळी व भाजीवाले ३८, वकील २६, पुरोहित ९, अन्य प्रतिष्ठित २८, पाना धरता येणारा १. हा शेवटचा देवीदास. तो 'प्रतिष्ठित'मध्ये बसेना, म्हणून त्याला वेगळा रकाना दिला.

देवीदासने पहाटेच आग पेटवून वाफ चढवली होती. मंडळी आली तशी त्याने झोकात शिटी दिली आणि इंजिन दहा हात पुढे, दहा हात मागे नेऊन दाखवलं. स्वयंसेवकांचे चेहरे पडले. जीर्णोद्धाराला आले होते, आणि जीर्ण असं काहीच नव्हतं. कमलाकांतरावांनी त्याला बाजूला घेतलं.

"देवीदास, हे बंद कर बघू."

"काहून, वकीलसायेब? चांगलं चालून राह्यलं ना ते!"

"तेच सांगतोय. चालत्या इंजिनावर श्रमदान करायचं कसं? लोक घरून डबे घेऊन आलेत."

आग विझवण्यात आली. मग भाषणं दोन तास पन्नास मिनिटं झाली, आणि प्रत्यक्ष काम बावीस मिनिटं. (पैकी नऊ मिनिटं फोटोसाठी सर्वांनी एकाच चाकाला हात लावला होता.) इतक्यात ऊन चढलं, आणि एका पुरोहिताने शास्त्रोक्त मुद्दा काढला की पितळ चिंच आणि राखेशिवाय उजळत नाही, आणि या दोन्ही गोष्टी घरी असतात. मुद्दा बिनतोड होता. एकमताने ठराव झाला: प्रत्येक स्वयंसेवकाने इंजिनाचा एकेक भाग घरी न्यावा, घासावा, आणि पुढच्या रविवारी परत आणावा.

भाग खोलता येत होते एकट्या देवीदासला. त्याचा जीव तुटत होता, पण दुसऱ्या कोणी खोलले असते तर आटे मोडले असते. शिटी वकीलसाहेबांकडे, दिवा पुरोहितांकडे, दांडा हेडमास्तरांकडे, असे एकशे बेचाळीस भाग त्याने स्वतःच्या हाताने काढून दिले. ते घरोघरच्या बायकांनी घासले. (अहवालात याचा उल्लेख 'कौटुंबिक सहकार्य' असा आहे.)

पुढच्या रविवारी एकच स्वयंसेवक आला: पंजाबराव भाजीवाले. हातात पितळी झडप, सोन्यासारखी लखलखीत. देवीदासला भरून आलं.

"पंजाबराव, तुमी एकटेच इमानदार निघाले!"

"तसं नाई भाऊ," पंजाबराव म्हणाले, "याच्या जोडीचं दुसरं हाये काय? हे बरोबर सव्वा शेर भरते. अर्ध्या शेराचं एखांदं भेटलं तं पाहून राह्यलो."

मग देवीदास सायकल घेऊन दारोदार निघाला. दांडा शाळेच्या व्हरांड्यात टांगला होता. त्याचा टोल दोन गल्ल्या ऐकू जात असे, आणि विद्यार्थ्यांचं नुकसान करायला हेडमास्तर तयार नव्हते. शिटी वकिलांच्या शोकेसमध्ये होती.

"वकीलसायेब, एक जून आली. शिटी तं द्या."

"अरे, शिटी संग्रहालयाचीच आहे! पण संग्रहालय आहे कुठे? ते उभं राहिलं की पहिली वस्तू माझ्याकडून."

"पन सायेब, इंजिन सबंध नाई झालं तं संग्रहालय कायचं होते?"

"म्हणजे ते तुझ्यावर अवलंबून आहे," वकीलसाहेब म्हणाले आणि त्याला चहा दिला.

एक जूनला मालकाचा माणूस आला. रुळावर बॉयलर, चार चाकं आणि देवीदास उभे होते.

"बाकीचं कुठे आहे?"

"गावात हाये सायेब. एकदम चकाचक."

त्याने 'अपूर्ण' असं लिहिलं. आठवड्याभरात उरलेलं लोखंड कापून नेलं. देवीदास शेवटचं चाक जाईपर्यंत तिथे थांबला आणि लहान पोरासारखा रडला, पण ते अहवालात नाही. अहवालात असं आहे की भंगारवाल्याच्या तावडीतून इंजिनाचे १४२ भाग वाचले ते केवळ सदस्यांच्या दूरदृष्टीमुळे, सबब सर्वांचं हार्दिक अभिनंदन.

आता देवीदास दर रविवारी इंजिन पाहायला निघतो. अमरावतीच्या अंबागेटापासून सुरुवात करतो, बुधवाऱ्यातून घरोघर पुढे जातो; सबंध इंजिन पाहून व्हायला चार रविवार लागतात. तो काही परत मागत नाही, मागून ठेवणार कुठे? फक्त हात लावतो आणि जातो.

हे वाचून तुम्हाला त्या लोकांचा संताप आला असेल. यायलाच हवा. एवढीच विनंती आहे, की पुढच्या रविवारी कडी वाजली की तुमच्या दाराला टेकवलेलं ते जड पितळ पायाने आड सारून 'साहेब घरी नाहीत' असं सांगायचं असेल, तर निदान ते सांगायला तुम्ही स्वतः येऊ नका.