वामनकाकांचा दातांचा चहा

वामनकाकांना काही विचारलं की उत्तर मिनिटभरानं मिळतं, कारण त्यांच्या तोंडात चहा असतो. कोरा, बिनसाखरेचा. तो ते लगेच गिळत नाहीत. या गालातून त्या गालात फिरवत बसतात. मग घोट उतरवून बोट वर करतात, "चाय पेवाची नाही मास्तर, दातायले पाजाची!"

पांढरकवड्यात त्यांची आणि आमची भिंत एक. हायवेवरच्या गॅरेजात ते हेडमिस्त्री होते. सारा जन्म ट्रकांची बॉनेटं उघडण्यात गेला, त्यामुळे समोरच्याचं तोंडही उघडूनच बघायचं असतं, अशी त्यांची समजूत आहे. खिशात टॉर्च तयार. "साखर म्हंजे गंज, कोरी चाय म्हंजे ग्रीस." माझ्या पुतणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी "आ करा" म्हटलं. त्या बिचाऱ्यानं केला. लग्न जमलं, हे आमचं नशीब.

सुमनकाकूही तोच काढा पितात, तोंड वाकडं करून. "दातासाठी म्हंतेत, त पेते बापा!"

गेल्या महिन्यात काकांचा गाल टम्म फुगला. दुपट्टा गुंडाळून म्हणाले, "हवा लागली." मी ऐकलं नाही. स्कूटरवर बसवलं आणि दाताच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बिनसाखरेचा चहा दातांना चांगलाच, काका. त्यात फ्लोराइड असतं. पण ब्रश सुटला नाही पाहिजे. आणि ही दाढ तर पार किडली आहे. गोड काय खाता?"

काका छताकडे बघू लागले.

"जिलेबी," शेवटी म्हणाले.

"कधी?"

"रोज. चौकात जाऊन. थ्या चायनं तोंड लय कडू होते ना बाई!"

मी हसू दाबायला बाहेर गेलो.

दाढ निघाली. दाढेच्या जागी कापूस दाबून काका स्कूटरपाशी आले आणि बोबडं बोलले, "मास्तर, जिलेबीचं घरी सांगू नोका."

"एवढी कसली लाज, काका?"

ते हसले नाहीत. "लाज नाही. तिले शुगर निघाली तवा गोड चाय सोडाले तयारच नव्हती. 'मी कायची बिमार?' म्हने आन् रडत बसे. मंग मी हे दाताचं निमित्त काढलं. म्हटलं, दोघं मिळून पेऊ. सात वर्षं झाले. जिलेबीनं दाढ गेली हे तिले समजलं, त उद्याच चायमंदी साखर टाकन. मले तिच्याबिगर जमत नाही हो."

सात वर्षं मी या माणसाची टिंगल करत होतो. मला माझीच लाज वाटली.

काकू दारातच उभ्या होत्या. "दाढ काहून काढा लागली? चायनं त दात वाचतेत ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत मी विज्ञान शिकवतो. खोटं सांगायची सवय नाही.

"काकू, ती दाढ जुनीच खराब होती," मी म्हणालो. "बाकीचे दात चहानंच वाचले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सोडू नका म्हणाल्या. दोघांनीही."

"मंग मांडते दोघायची चाय. थंडी करून देते यायले," म्हणत काकू आत गेल्या.

काकांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.