सासऱ्यांच्या जाकिटाचं सहावं बटण

एक मोठं भिंग विकत घ्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. (पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाने याहून मोठं काही ठरवू नये.) पण भिंग हातात आलं की माणूस दिसेल ते तपासत सुटतो. माझ्या डब्यातली नाणी संपली, तेव्हा नजर खुंटीवरच्या सासऱ्यांच्या जाकिटावर गेली.

आमच्या बव्हेरियात सणाच्या जाकिटाला जुन्या चांदीच्या टालर नाण्यांची बटणं असतात. नाण्याच्या पाठीला कडी सोल्डर करायची नि टाचायचं. माझ्या सासऱ्यांच्या, क्विरीनबाबांच्या, जाकिटाला अशी दहा, थेट त्यांच्या आजोबांपासूनची. रविवारच्या मिरवणुकीत यंदा झेंडा बाबांच्या हाती असणार होता. वय ब्याऐंशी, पुन्हा हा मान कधी मिळणार? म्हणून वाल्लीने, म्हणजे माझ्या बायकोने, जाकीट ब्रश करायला घरी आणलं होतं.

सहावं बटण सहज उलटं केलं, तर कडीच्या आडून एक बारीक चांदणी डोकावत होती. टांकसाळीची खूण! आणि कुठल्याच पुस्तकात नसलेली! नीट दिसेना म्हणून बटणाचा दोरा कापला. तरी दिसेना म्हणून कडी उपटली. मग भानावर आलो.

हा चमत्कार आमच्या नाणेमंडळाच्या ग्रुंडलमास्तरांना दाखवायलाच हवा होता, आणि जाकिटाला तर दहा बटणं हवीत. मी माझ्या डब्यातला एक टालर काढला. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'साधा. सालाचा शेवटचा आकडा सहा.' त्याला कडी सोल्डर केली, टाचून टाकला. बोट भाजलं, पण कुणाला पत्ता लागला नाही.

मिरवणूक झोकात झाली. नंतर बिअरच्या मांडवात ग्रुंडलमास्तर नेमके आमच्याच बाकावर आले. हा गृहस्थ माणसाची विचारपूस करण्याआधी त्याची बटणं वाचतो.

"क्विरीन, हलू नकोस! शेवटचा आकडा शून्य! हे साल मी उभ्या जन्मात दुसऱ्यांदा बघतोय."

"सहा आहे तो," मी बोलून गेलो.

"वर ओरखडा आहे, म्हणून तुला सहा वाटतो." त्यांनी बटण उलटं केलं आणि कपाळावर हात मारला. "कुठल्या गाढवाने याला ताजी कडी लावली? गेली की नाण्याची किंमत! आता घाला बटण म्हणून!"

गाढवाने बिअरच्या मगात तोंड खुपसलं.

बाबा जाकीट चाचपू लागले. "पण हे माझं नाहीच. माझ्या सहाव्याला मागे चांदणी आहे. वाल्ली जन्मली त्या दिवशी मी चाकूच्या टोकाने कोरली होती." ते वाकून बाकाखाली बघू लागले. "हरवली की काय रे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिशातून रुमालात गुंडाळलेला जगातला एकमेव टालर काढून मी त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं कबूल केलं. ते बराच वेळ चांदणीवर अंगठा फिरवत राहिले. मग हसून हसून त्यांना ठसका लागला.

"माझं चोरलंस ते चोरलंस, वर स्वतःचं घबाड माझ्या पोटावर टाचलंस! असा चोर अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही, जावईबुवा!"

वाल्ली मात्र ती नवी कडी ओढून बघत होती. आता हिला रडू फुटणार, असं वाटून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान पक्की बसलीय रे," ती म्हणाली. "मग माझ्या किटलीचा तुटलेला कान दोन वर्षं 'आपल्याला नाही बुवा जमत' म्हणून का पडून आहे?"