अपमान पूर्ववत करण्याबाबत

मंगळवारी सकाळी इर्मा बेकरीतून परत आली तेव्हा फाटकापाशी तिच्या फोनने घर ओळखलंच नाही. एरवी ती कोपऱ्यावर वळली की फोन आपसूक वायफायला चिकटायचा आणि पडद्यावर अक्षरं उमटायची: 'देल्मो शिडी परत कर'. आज तिथे 'सहकार ४४१७' असं काहीतरी होतं आणि ते तिच्याकडे पासवर्ड मागत होतं.

जुनं नाव ठेवलं होतं तिच्या नवऱ्याने, ओरेस्तेसने, अकरा वर्षांपूर्वी. तो घरांच्या पन्हाळी बनवायचा आणि बसवायचा. समोर राहणारा देल्मो आपली शिडी घेऊन गेला आणि दिलीच नाही, असं त्याचं म्हणणं. शिडी मुळात माझीच, असं देल्मोचं. नऊ पायऱ्यांची लाकडी शिडी, तिसरी पायरी म्हणजे झाडूचा दांडा. दांडा मी बसवला, असं ओरेस्तेस सांगायचा. झाडू माझा होता, असं देल्मो सांगायचा. शेवटी दोघांनी बोलणं टाकलं. ओरेस्तेसला बोलायची गरजही उरली नाही, कारण राउटर त्याच्या वतीने अखंड बोलत होता आणि पार बेकरीपर्यंत पोचत होता. गल्लीत कुणीही फोन उघडला की पहिली ही तक्रार. नव्या डॉक्टरीणबाई देल्मोला तपासायला घरी आल्या, तेव्हा त्यांनी रक्तदाबाच्या आधी शिडीची चौकशी केली होती.

मार्चमध्ये ओरेस्तेस गेला. नाव राहिलं. ते काढावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्यांची मुलगी सिल्विना वडिलांचे कपडे आवरायला रोसारियोहून आली होती. शर्टांच्या घड्या तशाच पलंगावर टाकून ती राउटरच्या मागे लागली. नाव बदलायची जागा दिसत होती, पण ती राखाडी झाली होती आणि कितीही दाबली तरी ढिम्म हलत नव्हती. खाली लिहिलं होतं: सभासदांच्या सुरक्षिततेसाठी.

"संस्थेने ती सोय बंद केलीय, आई. आज पहाटे, सगळ्यांचीच."

"आज?"

"हो, आजच."

"म्हणजे कालपर्यंत नाव बदलता येत होतं?"

"कालपर्यंत कुणालाही येत होतं."

इर्माने हातातलं 'माते' या कडू चहाचं भांडं खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं, नक्की ना? आईला नीट कळलं नसावं, असं वाटून सिल्विनाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. इर्मा ऐकत होती, पण तिची नजर खिडकीतून समोरच्या घरावर होती. देल्मो सहकारी संस्थेच्या मंडळावर राखीव सदस्य होता. ते आठवल्यावर तिने पायातल्या सपाता काढून बूट चढवले.

गावाला वीज, पाणी, टेलिफोन आणि इंटरनेट देणारी संस्था तीच, आणि माणूस गेल्यावर पुरणारीही तीच. दोघी तिच्या कचेरीत पोचल्या. तिथे चारही खिडक्यांवर माबेलच बसायची. मार्चमध्ये शवपेटी निवडायला तिनेच मदत केली होती, त्यामुळे तिच्यावर आवाज चढवणं शक्य नव्हतं. माबेलने अगदी मायेने सांगितलं की नावं आता कोर्दोबा शहरातून ठरतात, तिला स्वतःच्या घरचंही बदलता येत नाही. तरी तिने यंत्रणेत शोधलं. नाव बदलायला तीनच कारणं चालत होती: घर बदलले, घर विकले, सभासद मयत.

"शेवटचं लागू आहे," सिल्विना म्हणाली.

माबेलने ते दाबलं. यंत्रणेने क्षणभर विचार केला आणि मयत सभासदाला इंटरनेट लागत नाही असं ठरवून जोडणीच तोडली. टेलिफोनसुद्धा गेला. सुदैवाने वीज दुसऱ्या खिडकीवर होती आणि माबेलने तिथे हात लावायला साफ नकार दिला. परत जोडायला किती दिवस लागतील, तेही कोर्दोबालाच ठाऊक होतं.

इर्माने तक्रारवही मागितली. देल्मोबद्दल काय काय लिहायचं, ते तिने रस्त्यातच ठरवलं होतं. वहीची कोरी जागा शोधताना तिला शेवटची नोंद दिसली. तारीख आजची, वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं, अक्षर थरथरतं पण घोटीव:

'माझ्या घरासमोर अकरा वर्षे चालू असलेला अपमान कोणतीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आला आहे. तो त्वरित पूर्ववत करावा. देल्मो बेर्तोलिनो, सभासद क्रमांक २१८.'

इर्माने ती नोंद दोनदा वाचली. पेन माबेलला परत दिलं आणि काही न लिहिता बाहेर पडली.

दुपारच्या झोपेच्या वेळी त्या गावात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. इर्माने वाजवलं. देल्मो बनियनवर दाराशी आला, तिला बघून आत गेला आणि शर्ट घालून परत आला.

"तुम्ही तक्रार लिहिलीत म्हणे," इर्मा म्हणाली.

"सभासदाचा हक्क आहे."

"मला वाटलं, तुम्हीच बंद करवलंत."

मंडळात ठराव आला तेव्हा त्याचा डोळा लागला होता, असं देल्मोने कबूल केलं. शेजारी बसलेल्याने कोपराने ढोसलं म्हणून त्याने हात वर केला, पण कशासाठी ते त्याला आज सकाळी कळलं. मग तो थोडा वेळ दाराच्या कडीशी खेळत राहिला.

"सकाळी फोन उघडला की पहिलं तोच बोलायचा," तो म्हणाला. "आज उघडला, तर चव्वेचाळीस सतरा."

इर्मा चहालाही आत गेली नाही. तिथेच उंबऱ्यावर उभं राहून तिने ठरवलं की राउटर बोलत नसेल, तर भिंत बोलेल. पाटी लावायची.

बुधवारी सिल्विनाने परसातली एक फळी घासून घेतली. पन्हाळींना लावायचा हिरवा रंग वडिलांच्या कपाटात उरला होता. डब्याच्या झाकणावर त्यांनी ब्रश पुसल्याचे फराटे होते. तिने ते झाकण जपून बाजूला ठेवलं आणि ब्रश वर्तमानपत्राला पुसला. देल्मो रस्ता ओलांडून देखरेखीला आला होता. अक्षरं बेकरीतून वाचता आली पाहिजेत, ही त्याची अट. सिल्विनाने 'देल्मो'पुढे स्वल्पविराम दिला, तर त्याने हरकत घेतली. मूळ मजकुरात तो नव्हता.

गुरुवारी रंग वाळला. बेकरीतून दिसायचं तर पाटी छपराच्या कडेला, पन्हाळीच्या लगत हवी. तिघंही मान वर करून त्या जागेकडे बघत राहिले. मग इर्मा आणि सिल्विनाने माना खाली केल्या आणि देल्मोकडे पाहिलं.

देल्मो घरी गेला आणि शिडी घेऊन आला.

सिल्विना वर चढली. तिसरी पायरी पायाखाली गोल फिरली. देल्मोने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती आणि खालून सूचना देत होता, डावी बाजू वर, अजून जरा, 'परत कर' झाकलं जातंय. शेवटचा खिळा बसल्यावर तो आपल्या फाटकापर्यंत मागे मागे गेला, पाटी सावकाश वाचली आणि मान डोलावली. परत येऊन त्याने शिडी खांद्यावर घेतली, इर्माला नमस्कार केला आणि ती घेऊन आपल्या घरात गेला.

सिल्विना हातोडी घेऊन तशीच उभी होती.

"आई, शिडी नेली त्याने."

"नेणारच. त्याचीच आहे."

सिल्विनाने आधी आईकडे आणि मग पाटीकडे पाहिलं.

"झाडूही त्याचाच," इर्मा म्हणाली. "तुझा बाप ती मागून आणायचा."

"मग बाबांना कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, नाव बदल, लाज वाटते मला. इतका पडलेला चेहरा केला गं त्याने. म्हणाला, इर्मा, मलाही फार वाईट वाटतं, पण आता बदलता येत नाही. संस्थेने ती सोय बंद केलीय."

तिने सिल्विनाच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"या मंगळवारपर्यंत मला ते खरं वाटत होतं," ती म्हणाली, आणि पाटी सरळ लागली आहे का ते बघायला रस्ता ओलांडून देल्मोच्या बाजूला गेली.