पांढरी खोली आणि बारा कप कॉफी

वसफीने व्हिडिओ गेमचं परीक्षण लिहिलं की खेळ एक तर तरला, नाहीतर मेला! अम्मानमधले सगळे खेळाडू असं म्हणतात, असं निदान वसफी तरी म्हणे. त्याच्या सदराच्या डोक्यावर दर वेळी ठळक अक्षरांत एक ओळ असायची : 'पूर्ण खेळल्याशिवाय शब्द लिहीत नाही.' अकरा वर्षांची अब्रू त्या एका ओळीवर उभी होती.

या खेपेला तावडीत सापडली 'तांबडी चौकी'. सन २४४०, मंगळ ग्रह, आपल्या हातात किरणांची बंदूक आणि समोर यंत्रमानव. खेळ बनवणारा रकान तर दोन गल्ल्या पलीकडचाच. वसफीने चार तास खेळून दहापैकी तीन गुण दिले आणि लिहिलं : 'भविष्यकाळ म्हणे एक पांढरी खोली! यंत्रमानव इतके सभ्य, की मुकाट गोळ्या खातात. लग्नात आहेर द्यायला रांगेत उभे असावेत तसे!'

अंकाच्या संकेतस्थळावर परीक्षणाखाली खेळाडूंची झुंबड उडाली.

"उस्ताद, आम्ही दर दोन मिनिटांनी मरतोय. तुम्ही कितीदा मेलात?"

"एकदाही नाही!" वसफीने ऐटीत उत्तर टाकलं.

"कमाल आहे! नक्की कुठे खेळलात?"

"घरी, सोफ्यावर."

"बघ, कसे जळतात!" तो धाकट्या बहिणीला, हनादीला म्हणाला.

"दादा, अरे ती खोली..."

"मध्ये बोलू नकोस. मी काम करतोय."

शुक्रवारी दुपारी घंटी वाजली. दारात रकानचे काका, हाज अबू सखर. त्यांच्या मागे कडक इस्त्रीच्या अब्यांतले, म्हणजे लांब झग्यांतले, अकरा म्हातारे. चक्क जाहा! एवढी वडीलधारी मंडळी एकत्र येतात ती मागणं मागायलाच. वसफीच्या आईने क्षणात ताडलं, हनादीला मागणी! तिने लेकीला आत ढकललं आणि कॉफी चढवली. वसफीने वेगळंच ताडलं : गुण वाढवून मागायला आलेत. मनातल्या मनात त्याने तिनाचे चार करूनही टाकले.

कॉफी आली. अबू सखरांनी कप ओठाला न लावताच खाली ठेवला. मागोमाग अकरा कप खाली. मागणं मान्य होईपर्यंत घोटही नाही! आणि पाहुण्यांसमोर कॉफी निवली, तर यजमानाचं नाक कापलं गेलं.

"काका, प्या! मागाल ते दिलं!" वसफीने छाती फुगवली.

"आधी ऐकून तर घे, बाळा."

"ऐकायचं काय त्यात? दिलं म्हणजे दिलं!"

बारा कप रिकामे झाले. आतून आईने असा काही आनंदाचा लांबलचक कलकलाट केला, की शेजारीपाजारी कुनाफ्याच्या मिठाईची ताटं घेऊन धावले. "मुबारक! मुबारक!" दिवाणखान्यात बसायला जागा उरली नाही.

अबू सखरांनी सावकाश मिशा पुसल्या. "आमचं मागणं एवढंच. त्या पांढऱ्या खोलीतून बाहेर पड."

"म्हणजे?"

"ती सरावाची खोली आहे रे. खेळ बाहेर आहे. आत्ता, आमच्यासमोर खेळून दाखव."



"म्हणजे मागणी हनादीला नाही?" आईने दारातून विचारलं.

"नाही, उम्म वसफी. पण कॉफी फक्कड होती."

शब्द दिलेला, कॉफी प्यालेली. आता माघार कसली? वसफीने टीव्ही लावला, खेळातली बंदूक घेतली आणि पडद्यावरच्या पांढऱ्या खोलीची समोरची भिंत चाचपू लागला. "दार कुठाय?"

"मागे वळ!" अख्खा दिवाणखाना ओरडला.

"तेच सांगत होते आठवडाभर," हनादी आतून म्हणाली.

वसफी वळला. दार उघडलं, तांबडी धूळ उडाली, आकाशात दोन चंद्र दिसले. आणि नवव्या सेकंदाला एका यंत्रमानवाने त्याला आडवा केला!

"हा काही आहेर द्यायला आलेला वाटत नाही," कुनाफा चावत शेजारी म्हणाला.

पुढच्या आठवड्यात वसफीने ठणकावून लिहिलं : 'तांबडी चौकी'ला दहापैकी नऊ. एक गुण कापला आहे, कारण दार पाठीमागे आहे.

सदराच्या डोक्यावरची ओळ मात्र त्या अंकापासून जागेअभावी छापता आलेली नाही.