चांदणी रेघ ओलांडत नाही

धारूर तालुक्यात टँकर कुठल्या गावाला सोडायचा हे यापुढे कॉम्प्युटर ठरवेल, असा ठराव बालाघाट सहकारी पाणीवाटप संघाने दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी एकमताने मंजूर केला. त्याआधी हे काम चेअरमन कल्याणराव स्वतः करीत. जो सरपंच सकाळी त्यांच्या ओट्यावर आधी येऊन बसे, त्याच्या गावाला पहिली खेप. यात काही गैर आहे असं कल्याणरावांना कधी वाटलं नाही. पण पुढे पुढे ओट्यावर पहाटेपासून रीघ लागायला लागली आणि घरातल्या बायका चहा करून करून वैतागल्या, तेव्हा कारभार पारदर्शक करणं भागच पडलं.

पारदर्शक कारभार सोपा होता. गावाने आपल्या कोरड्या विहिरीचा फोटो पाठवायचा. संघाचे सचिव सुंदरराव तो कॉम्प्युटरात नीट लावून ठेवणार. टंचाई नावाचा एक मोठा कप्पा, त्यात प्रत्येक गावाचा कप्पा, आणि गावाच्या कप्प्यात विहीर. मग रोज संध्याकाळी सुंदररावांनी एक ओळ टाइप करायची: टंचाई/*/विहीर. मधली चांदणी म्हणजे कुठलंही गाव, नाव काही का असेना. ज्या ज्या गावाची विहीर या ओळीत बसली, त्याला सकाळी टँकर.

"चांदणीला जात न्हाई, पार्टी न्हाई, पाव्हणेरावळे न्हाईत," असं कल्याणराव माईकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात त्यांच्या घरच्यांनी वाजवल्या.

हिंगणवाडीला टँकर सुरू झाला. हिंगणवाडीचीच माळवस्ती, डोंगराच्या अंगाला चार घरं पांगलेली, तिला मात्र येईना. त्या वस्तीवर धोंडीराम राहत होता आणि त्याचा जीव एका म्हशीत अडकला होता. म्हैस गाभण होती. माणूस काय, गावातून हंडा डोक्यावर आणून तगतो. म्हशीला हंड्याने किती दिवस पाजणार? पाणी आलं नाही तर येत्या बाजारात तिला उभी करावी लागणार होती, आणि दुष्काळाच्या बाजारात जनावराला कोण कशासाठी विचारतो हे शेतकऱ्याच्या लेकराला सांगावं लागत नाही. त्याची बायको विमलबाई एवढंच म्हणाली, "म्हशीला न्यायचं तर आधी मला माहेरी सोडून या." धोंडीरामाने टोपी घातली आणि धारूर गाठलं.

"सायेब, आमच्या विहिरीचा फोटो पोचला का न्हाई?"

"पोचला की." सुंदररावांनी लगेच काढून दाखवला. विहिरीच्या तळाला धोंडीराम स्वतः उभा होता, चपला घालून.

"मग टँकर कावून येत न्हाई?"

सुंदरराव प्रेमळ गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि समजावून सांगितलं. हिंगणवाडीची विहीर हिंगणवाडीच्या कप्प्यात आहे. माळवस्ती हिंगणवाडीतच मोडते, म्हणून तिचा कप्पा हिंगणवाडीच्या कप्प्याच्या आत, आणि तिची विहीर त्याच्याही आत. टंचाई, हिंगणवाडी, माळवस्ती, विहीर. मध्ये एक तिरकी रेघ जास्त पडते. चांदणी कुठल्याही नावाला भुलते, पण रेघ ओलांडत नाही.

धोंडीरामाने पडद्याजवळ तोंड नेऊन ती रेघ पाहिली. "ही? एवढीशी?"

"एवढीशीच."

"सायेब, माझी म्हैस गाभण हाय, तरी ओलांडंल."

"म्हशीचं वेगळं आहे. हा नियम आहे." मग त्यांनाच वाईट वाटलं म्हणून ते पुढे म्हणाले, "तसा उपाय आहे. दोन चांदण्या लावल्या तर कितीही आत असलं तरी सापडतं. पण दुसऱ्या चांदणीला संचालक मंडळाची मान्यता लागेल."

मंडळ बसलं. एक चांदणी सत्ताधारी गटाची धरली तर दुसरी विरोधी गटाची धरावी, अशी उपसूचना आली आणि खेळीमेळीत मंजूर झाली. मग एक संचालक उठले. त्यांच्या गावाला विहीरच नव्हती, बोअर होता. विहीरवाल्यांनाच पाणी आणि बोअरवाल्यांनी काय घोडं मारलंय, असं त्यांनी विचारलं. तेव्हा ओळीतली शेवटची विहीर काढून टाकायचं ठरलं.

सुंदरराव चाचरत म्हणाले, "साहेब, नुसतं टंचाई आणि दोन चांदण्या लिहिलं, तर त्या कप्प्यात जे काही असेल ते सगळंच येईल."

"सगळ्यांनाच द्यायचंय की," कल्याणराव म्हणाले. "सहकार म्हंजे दुसरं काय असतंय?"

आता सुंदरराव पडले टापटिपीचे. दुष्काळाशी संबंधित एकूण एक फोटो त्यांनी त्याच कप्प्यात ठेवला होता. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून पाणी खरोखरच सगळ्यांना सुटलं. तुलनेसाठी काढलेला एका भरलेल्या तलावाचा फोटो होता. त्या तलावात टँकर ओतला. ड्रायव्हर बंकट काठावर डोकं खाजवत उभा राहिला. पण पोच घेतल्याशिवाय त्याला परतता येईना, म्हणून मासेमारीच्या ठेकेदाराने तलावाच्या वतीने सही केली. टंचाई निवारण परिषदेतल्या जेवणावळीचा फोटो होता. त्या मंगल कार्यालयाला एक टँकर गेला. एक फोटो खुद्द टँकरचाच होता. त्याला पाणी द्यायला दुसरा टँकर निघाला आणि पहिला आधीच भरलेला असल्याने तो तसाच परत आला. या खेपेची नोंद 'लाभार्थ्याने नम्रपणे नकार दिला' अशी झाली.

माळवस्तीही त्यात होती, नाही असं नाही. फक्त तिचा नंबर या सगळ्यांच्या मागे होता आणि टँकर होते तेवढेच. धोंडीराम पुन्हा धारूरला गेला तेव्हा सुंदररावांनी त्याचं अभिनंदन केलं.

"तुम्ही लाभार्थी झालात."

"पाणी कवा येतंय?"

"येईल. पण एक झालं, लाभार्थी झाल्यामुळे आता तुम्हाला तक्रार करता येणार नाही. आणि चारा छावणीवाल्यांनाही कळवलंय, म्हणजे तुमच्या म्हशीला तिथंही पाणी मिळणार नाही. दोन्हीकडून घेतल्यासारखं व्हायला नको."

धोंडीराम कचेरीबाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसला. त्याला रडू आलं, पण एवढ्या लोकांत रडायची लाज वाटली, म्हणून त्याने पान खाल्लं.

तलावाच्या टँकरची बातमी पेपरात आली आणि मंडळ पुन्हा बसलं. दोन चांदण्या ठेवून शेवटची विहीर फक्त परत लावली तरी भागेल, असं सुंदरराव सांगू पाहत होते. पण कल्याणराव हात जोडून म्हणाले, "सुंदरराव, दोन चांदण्यांचं नाव काढू नका. लई शोभा झाली." यापुढे कुठल्याही कारणास्तव एकाहून अधिक चांदणी वापरू नये, असा कायमस्वरूपी ठराव झाला. विहीर परत आली, एक चांदणी राहिली, आणि माळवस्ती होती तिथे रेघेच्या आत गेली.

"मग आता वस्तीलाच वर घ्या की," धोंडीराम म्हणाला. बाजार दोन दिवसांवर आला होता आणि विमलबाईने लुगडी पिशवीत भरून ठेवली होती.

सुंदररावांना ही कल्पना आवडली. कप्पा उचलून वर ठेवायला क्षणभर पुरे होता. पण वरच्या कप्प्याला गाव म्हणवून घ्यावं लागे आणि त्या गावाची संघाला जोडलेली स्वतंत्र सोसायटी असावी लागे. हिंगणवाडीने फारकतीचा ठराव हसत हसत दिला, कारण हंडेवाल्यांची ब्याद टळत होती. माळवस्तीवर सोसायटी निघाली. जेवढे कर्ते पुरुष तेवढे संचालक, बिनविरोध. साधा सभासद म्हणून कुणी उरलंच नाही. धोंडीराम चेअरमन झाला. त्याच संध्याकाळी सुंदररावांनी कप्पा वर घेतला आणि सकाळी बंकटचा टँकर घाट चढून माळवस्तीवर आला.

म्हैस हौदात नाक खुपसून प्याली. विमलबाईने पिशवीतली लुगडी काढून परत दोरीवर टाकली. धोंडीरामाला इतका आनंद झाला की त्याने बंकटला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

टँकर गेला तशी ओढ्यापलीकडची अंजना घागर घेऊन आली. तिचं आणि तिच्या सासूचं असं एकच घर पलीकडे होतं. हौद काठोकाठ भरला होता.

"भाऊ, एक घागर घेऊ का?"

धोंडीरामाचा हात हौदाच्या कठड्यावर होता. तो त्याने काढला नाही. "घे म्हणलो असतो गं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं. "पर हे पाणी आता माळवस्ती गावाचं हाय. तू ओढ्यापल्याड. मी चेअरमन, मलाच इचारतील उद्या. तू असं कर, तुजी सोसायटी काढ. तू चेअरमन हो, सासूला सचिव कर. मी सुंदररावांना शब्द टाकतो."

अंजनाने घागर कमरेवर घेतली आणि ओढा उतरू लागली. ओढा कोरडाच होता, त्यामुळे ओलांडायला तिला त्रास झाला नाही.

धोंडीरामाला नावं ठेवायला तुमची जीभ वळवळत असेल. खुशाल ठेवा. पण आज सकाळी तुमच्या नळाला पाणी आलं, तेव्हा ते कुणाला वगळून आलं हे विचारायला तुम्ही कुणाच्या दारात गेला होतात? नाही ना? मग या, बसा. माळवस्ती सोसायटीच्या संचालक मंडळात आणखी एक खुर्ची मांडता येईल.