ऐनवेळचा गडी

"ऐन येळले कामले येणारा माणूस बाकीना येळले कुठे ऱ्हास, ते आधी इचारी ले, माय," लग्नाआधी फुलवंतामावशीनं बजावलं होतं. बी.ए. झालेली प्रमिला तेव्हा हसली होती. हरत आलेला सामना शेवटी जिंकून देणारा छगन तिच्या मनात भरला होता.

रविवारच्या सामन्यात बाकीच्या वेळी तो पॅड बांधून निंबाखाली बसलेला असे. शहाद्याच्या संघाचे कप्तान हिंमतराव वकील त्याला शेवटीच उतरवत. छगन आहे म्हणून आधीचे बिनधास्त बॅट फिरवून बाद होत आणि ऐनवेळ हटकून येई. इतर दिवशी तो झुंजूमुंजू होताच कापसाच्या जिनात कामाला जाई. वर्षाची शकू बापाला ओळखतच नव्हती. मिशी दिसली की भोकाड पसरे. एका रविवारी दिवेलागणीला शकू त्याच्या मांडीवर असावी, एवढंच प्रमिलेला हवं होतं.

शेवटी तिनं हिंमतरावांना गाठलं.

"भाऊ, ऐनवेळचा हात वगैरे काही नसतं. चालला तेवढाच लक्षात राहतो. खापरच्या सामन्यात हे शून्यावर गेले, ते?"

"तव्हय सूर्य डोयामा व्हता, वहिनी."

"आणि दोंडाईच्याला?"

"तव्हय आभाळ व्हतं."

"मग एकदा पहिल्यांदा पाठवून बघा ना!" लवकर बाद झाले तर लवकर घरी येतील, हे तिनं गिळलं. वकिलांनी यादीत छगनचं नाव सगळ्यात वर नेलं.

रविवारी ब्राह्मणपुरीला छगन सलामीला उतरला. दुपारीच येईल म्हणून प्रमिलेनं बट्ट्या तळल्या, शकूला काजळ घातलं. आला तो शेजारचा मगन, सायकलवर.

"वहिनी, छगन आजून खेळी ऱ्हायना!"

छगन खेळतच होता, इकडे बट्ट्या निवल्या. उन्हं उतरल्यावर मगन पुन्हा धापा टाकत आला. "छगन आजून खेळी ऱ्हायना! आज त्याले कोन्ही घाबरावत नही ना!"

प्रमिलेनं शकूला कडेवर घेतलं. म्हणजे 'आता तूच वाचव' या धाकानं इतकी वर्षं हा माणूस त्या निंबाखाली घाबरून बसत होता?

दिवेलागणीला मगन तिसऱ्यांदा आला. अंधारामुळे खेळ थांबला होता, उरलेला उद्या. आणि नाबाद पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय, मुक्कामाला ठेवल्याशिवाय सोडायचं नाही, ही ब्राह्मणपुरीची रीत.

"छगनले त्यासनी सोडंच नही!"

तेवढ्यात प्रमिलेच्या कडेवरून शकू पहिला शब्द बोलली. महिनाभर आई "बाबा" शिकवत होती. शकू म्हणाली, "छगन!"

प्रमिलेनं पदर तोंडाला लावला. जे नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, ते शकू दाराकडे बघून पुन्हा पुन्हा घेत होती.

वाचकहो, ब्राह्मणपुरीकडे जाणं झालं तर मैदानात जरा डोकावा. बाद झालाय का, बघा. नसेल, तर एवढा निरोप द्या: लेक हाक मारते आहे, घरी ऐनवेळ आली आहे.